दहा टक्के खुली जागा आणि वस्तीचा सामाईक भाजीमळा

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, जुन्या पेठेच्या बाहेर वसलेल्या नव्या वस्तीत गेले की घरांच्या रांगांमध्ये एक मोकळा तुकडा हमखास दिसतो. त्यावर गाजरगवत माजलेले असते, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी बांधकामाचे डबर पडलेले असते, आणि वर्षातून दहा दिवस तिथे गणपतीचा मांडव उभा राहतो. बघणाऱ्याला तो तुकडा उरलासुरला वाटतो, पण प्रत्यक्षात तो नियमाने राखलेला असतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे भूखंड पाडताना १० टक्के क्षेत्र रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी खुले ठेवावे लागते. एक हेक्टरचा लेआउट असेल तर ही जागा १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे होते. या जागेत क्रोटन लावायचे की कोथिंबीर, हे ठरवण्याचे काम रहिवाशांवर आणि नगरपरिषदेवर येऊन पडते. या लेखात कोथिंबिरीचा विचार केला आहे: लहान शहरातल्या एका वस्तीने अशा जागेवर मिळून भाजी पिकवायची ठरवली, तर ते नेमके कसे चालते आणि कुठे अडते.

दहा गुंठे या आकड्याला मराठी माणसाच्या लेखी एक इतिहास आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे जाळे उभे केले आणि पाच माणसांच्या कुटुंबाने १० गुंठ्यांत आपल्या गरजा भागवाव्यात, असा हिशेब मांडून दाखवला. त्यांची भूमिका अशी होती की जमिनीच्या आकारापेक्षा पानांवर पडणारा सूर्यप्रकाश किती वापरला जातो, याला महत्त्व आहे. मात्र तो हिशेब एका कुटुंबाचा होता, आणि खुल्या जागेवर हक्क सांगणारी कुटुंबे तीस-चाळीस असतात. म्हणून गणित पुन्हा मांडावे लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या रोजच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, असे सुचवले आहे. पाच जणांच्या घराला त्या हिशेबाने रोज २ किलो, म्हणजे वर्षाला ७३० किलो भाजी लागते. कृषी विस्ताराचे लोक अशा घरासाठी साधारण २०० चौरस मीटरची परसबाग सांगतात. म्हणजे १,००० चौरस मीटरची सगळी जागा वाफ्यांखाली आणली, तरी पाच घरांची भाजी निघेल. त्यातही पायवाटा, खताचा खड्डा, पाण्याची टाकी आणि कडेची झाडे यांना निम्मी जागा जाते. सामाईक मळ्यातून ‘गाव भाजीत स्वयंपूर्ण होईल’ असे भाषणात सांगितले जाते तेव्हा हा हिशेब कुणी मांडलेला नसतो.

तोच हिशेब फक्त पालेभाजीचा केला की चित्र बदलते. मेथी, पालक, चुका, राजगिरा, कोथिंबीर ही पिके महिना-सव्वा महिन्यात निघतात, आणि चौरस मीटरला एका वेळी किलोभर उत्पन्न ही फार मोठी अपेक्षा नाही. वाफ्यांखालच्या ५०० चौरस मीटरवर वर्षात पाच वेळा पीक घेतले तर २,५०० किलो पालेभाजी मिळते. रोजच्या ४०० ग्रॅमपैकी चौथा हिस्सा, म्हणजे १०० ग्रॅम, पालेभाजीचा धरला, तर ही सुमारे ७० माणसांची वर्षाची गरज झाली. पस्तीस घरांच्या वस्तीत दीडशेच्या आत-बाहेर माणसे असतील, तर त्यांची जवळजवळ निम्मी पालेभाजी दारासमोर पिकते. शिवाय बाजारात जिची सर्वांत जास्त आबाळ होते ती हीच भाजी असते. कांदा-बटाटा ट्रकमध्ये चार दिवस काढू शकतो, मेथीची जुडी काढू शकत नाही. जवळच्या खेड्यात पिकलेली मेथी जिल्ह्याच्या बाजार समितीत जाऊन लिलाव होऊन पुन्हा तालुक्याच्या मंडईत येते, तोपर्यंत तिच्यातले ‘क’ जीवनसत्त्व बरेचसे उडालेले असते आणि पाणी मारमारून ती ताजी दाखवावी लागते. त्यामुळे मळ्यात काय लावायचे याचे उत्तर माझ्या मते सरळ आहे: जे लवकर येते, लवकर नासते आणि रोज थोडे थोडे लागते, तेवढेच लावावे. कोबी-फ्लॉवर शेतकऱ्यांवर सोपवावेत.

लहान गावातल्या सार्वजनिक भाजीबागेचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डनचे आहे. यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातले, सुमारे १५,००० वस्तीचे हे एके काळचे सूतगिरण्यांचे गाव आहे. २००८ मध्ये पॅम वॉरहर्स्ट आणि मेरी क्लिअर यांनी काही गावकऱ्यांना घेऊन तिथे ‘इन्क्रेडिबल एडिबल’ नावाचा उपक्रम सुरू केला. रेल्वे स्थानकावर औषधी व स्वयंपाकाच्या वनस्पती, पोलीस ठाण्यासमोर मका, आरोग्य केंद्राच्या आवारात फळझाडे आणि औषधी वनस्पती अशा जागोजागी लागवडी झाल्या आणि त्यांवर ‘हवे ते घेऊन जा’ अशा पाट्या लागल्या. वॉरहर्स्ट या त्याआधी तिथल्या स्थानिक परिषदेच्या प्रमुख होत्या, ही गोष्ट उपक्रमाचे कौतुक करणारे बहुतेक जण विसरतात. सरकारी दार कुठे ठोठवायचे आणि कुठे न ठोठावता कामाला लागायचे, हे त्यांना आधीच ठाऊक होते.

या लागवडींनी गाव पोसले नाही, आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. वॉरहर्स्ट स्वतः याला ‘प्रचाराचे बागकाम’ म्हणतात: रस्त्याच्या कडेला अन्न उगवलेले दिसले की लोक अन्नाबद्दल बोलू लागतात, शाळेत त्याचा विषय निघतो आणि जवळच्या शेतकऱ्याचे अंडे-चीज विकत घेण्याकडे कल वाढतो. गावातल्या कोंबड्या पाळणाऱ्यांना एकत्र आणण्यासाठी तिथे ‘प्रत्येक अंडे मोलाचे’ अशी मोहीमही चालवली गेली. पुढे हाच नमुना ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक गावांनी आणि फ्रान्सनेही उचलला. २०२३ मध्ये हल शहराच्या परिषदेने पडीक सार्वजनिक जागेवर लोकांना अन्न पिकवू देण्याचा, ‘पिकवण्याच्या हक्का’चा ठराव केला. ब्रिटनमध्ये असा ठराव करणारी ती पहिली परिषद होती.

टॉडमॉर्डनची नक्कल जशीच्या तशी आपल्याकडे करता येणार नाही. तिथे पाऊस वर्षभर पडतो आणि रस्त्यावर मोकाट गाय फिरत नाही. आपल्याकडे पहाटे दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद देवासाठी तोडणे ही चोरी मानली जात नाही, तेव्हा ‘हवे ते घेऊन जा’ अशी पाटी लावण्याची वेगळी गरजही नाही. खरा प्रश्न उलटा आहे: ज्याने वाफा राखला, त्याच्या वाट्याला काही उरेल का?

जगात या प्रश्नाची तीन प्रकारची उत्तरे दिली गेली आहेत. पहिले इंग्लंडच्याच जुन्या पद्धतीचे. तिथे १९०८ च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर मागणी असेल तर भाजीसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी टाकली. असा तुकडा परंपरेने सुमारे २५० चौरस मीटरचा असतो, आणि त्यावर पिकेल ते कसणाऱ्याचे. यात भांडण कमी होते, पण ज्याला तुकडा मिळाला नाही तो मळ्याकडे परक्यासारखा बघतो, आणि मिळालेल्यांपैकी काहींचे तुकडे दुसऱ्या वर्षी तणाने भरतात. दुसरे उत्तर सगळ्यांनी सगळीकडे राबायचे आणि आलेली भाजी वाटून घ्यायची, हे. केरळमध्ये ‘कुटुंबश्री’च्या महिला गटांनी पडीक जमीन खंडाने घेऊन अशी सामूहिक शेती मोठ्या प्रमाणावर केली आहे. तिथे गट लहान असतो, ओळखीचा असतो आणि उत्पन्न विकले जाते, म्हणून हिशेब पैशांत ठेवता येतो. वस्तीच्या मळ्यात मात्र कोण किती राबला याचा हिशेब मनात ठेवला जातो, आणि मनातला हिशेब कधीच जुळत नाही. तिसरे उत्तर टॉडमॉर्डनचे: कुणीही लावा, कुणीही तोडा.

आपल्याकडच्या खुल्या जागेला या तिन्हींची मिसळ मानवेल, असे मला वाटते. मधले वाफे घरटी वाटून द्यावेत, एका घराला एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असा एक वाफा पुरे. उरलेले वाफे राबू इच्छिणाऱ्यांच्या गटाने सामाईक कसावेत. कुंपणालगतचा कढीपत्ता, शेवगा, गवती चहा, अळू, लिंबू हे वाटसरूसकट सर्वांना खुले असावे. येणाऱ्या-जाणाऱ्याला चार पाने तोडायला मिळाली की आतल्या वाफ्यांची राखण निम्मी सोपी होते.

सामाईक साधन टिकते कसे, या विषयावर अमेरिकेतल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर काम केले आणि त्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. चराऊ कुरणे, मासेमारीची पाणथळे, पाटाचे पाणी अशा अनेक ठिकाणचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की जे सर्वांचे असते ते उजाड होतेच असे नाही. कोण आत आणि कोण बाहेर हे स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, देखरेख करणारा त्यांच्यापैकीच असेल, पहिल्या चुकीला लहान आणि पुढच्या चुकीला मोठा दंड असेल आणि तंटा जागच्या जागी मिटवण्याची सोय असेल, तर सामाईक साधन पिढ्यान्‌पिढ्या चालते.

हे वाचताना खानदेशच्या माणसाला फड पद्धत आठवल्याशिवाय राहणार नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून शेकडो वर्षे ही पद्धत चालत आली आहे. बंधाऱ्याचे पाणी कालव्याने येते, भिजणारे क्षेत्र काही फडांत विभागलेले असते, आणि एका फडात त्या वर्षी कोणते पीक घ्यायचे हे सगळे मिळून ठरवतात. एकाच फडात एकाचा ऊस आणि दुसऱ्याची बाजरी असे चालत नाही, कारण मग पाण्याची पाळी जुळत नाही. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार आणि तंटा मिटवायला पंच अशी माणसे नेमलेली असतात. वस्तीच्या मळ्याला यातली निदान दोन पदे हवीतच. पहिला पाटकरी: कॉक कुणी उघडायचा आणि किती वेळ, हे एकाच माणसाच्या हातात असले पाहिजे. दुसरा जागल्या: शेळी आत शिरली किंवा एखाद्या वाफ्यात किडीने घर केले, तर त्याच दिवशी सांगणारा कुणीतरी हवा. ही कामे महिन्या-महिन्याने फिरती ठेवली तरी चालतील, पण दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत निम्मी वस्ती गावी जाते तेव्हाची पाळी आधी ठरलेली असावी. मळे सुकतात ते बहुतेक वेळा याच दोन मुदतींत.

आता पाण्याचे गणित. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. भाजीला एरवी रोज साधारण ५ मिलिमीटर लागते, म्हणजे ५०० चौरस मीटरच्या वाफ्यांना दिवसाला २,५०० लिटर. एप्रिल-मे महिन्यांत हीच गरज ४,००० लिटरच्या जवळ जाते. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे, असे शासनाचे मानक आहे. त्या मापाने मळा अठरा-एकोणीस माणसांचे पाणी पितो. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या मराठवाड्यातल्या गावी हा आकडा उच्चारणेही अवघड जाईल. छतावरचे पावसाचे पाणी साठवून उन्हाळा काढू, ही कल्पना ऐकायला चांगली वाटते. पण १०,००० लिटरची टाकी या मळ्याला उन्हाळ्यात जेमतेम अडीच दिवस पुरते. त्यापेक्षा ते पाणी विंधन विहिरीभोवती मुरवणे शहाणपणाचे. घरांतले सांडपाणी वळवायचे असेल तर ते केळी, पपई, नारळ यांच्या आळ्यांपर्यंतच न्यावे; पालेभाजीला ते घालू नये. ठिबकच्या नळ्या आणि वाफ्यावर उसाच्या पाचटाचे किंवा वाळल्या पानांचे आच्छादन यांनी पाण्याची गरज बरीच खाली येते.

जिथे पाणी खरोखर नाही तिथे एप्रिल-मेमध्ये मळा बंद ठेवण्यात कमीपणा नाही. वाफे भिजवून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद कडा मातीत दाबून पसरला, तर चार ते सहा आठवड्यांच्या उन्हाने माती आतून इतकी तापते की तणांचे बी, बुरशी आणि सूत्रकृमी बऱ्याच प्रमाणात मरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

मातीची परीक्षा कामाला हात घालण्यापूर्वीच करून घ्यावी. खुल्या जागेची वरची माती बहुधा मूळची नसते. रस्ता करताना टाकलेला मुरूम आणि घरे बांधताना टाकलेले डबर तिच्यात मिसळलेले असते. सिमेंट-चुन्यामुळे ती अल्कधर्मी होते आणि मेथीची पाने पिवळी पडू लागतात. कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत नमुना दिला की सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्ब कळतो. काळ्या जमिनीत जुलैचे पाणी तुंबते, म्हणून सपाट वाफ्याऐवजी वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत. कोकणातल्या जांभ्या जमिनीत उलट, पाणी आणि खत दोन्ही वाहून जातात, तिथे शेणखत-कंपोस्टचा हात सढळ लागतो. हमरस्त्याला लागून असलेल्या पट्ट्यात पालेभाजी टाळावी, कारण रस्त्याची धूळ पानावर बसते. तिथे शेवगा किंवा भोपळ्याचा मांडव बरा.

खताची सोय वस्तीतच असते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला आणि सुका कचरा घरीच वेगळा करणे बंधनकारक केले, आणि सुमारे १२ हजार वस्तीच्या वेंगुर्ल्याने वर्गीकरण मनापासून केले तर कचरा डेपोचे रूप कसे पालटते, हे दाखवून दिले आहे. अनेक नगरपरिषदा ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट करून ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने विकतात. मळ्याच्या कोपऱ्यात दोन खड्डे असले आणि पस्तीस घरांचा भाजीपाल्याचा कचरा तिथे गेला, तर बाहेरून खत आणावे लागणार नाही. फक्त शिळे अन्न त्यात टाकू देऊ नये. उंदीर आणि दुर्गंधी यांची पहिली तक्रार शेजारच्या बंगल्यातून येते आणि तिथूनच मळा बंद करण्याची मागणी सुरू होते.

प्रत्यक्ष पेरणीत नवख्यांची फसगत होते ती एकाच जागी: सगळ्या वाफ्यांत एकाच दिवशी मेथी टाकली जाते. दहा चौरस मीटरचा एक वाफा २५ ते ३० दिवसांनी दहा किलो, म्हणजे पाव किलोच्या चाळीस जुड्या देतो, आणि त्या आठवडाभरात काढाव्या लागतात, नाहीतर पाला जून होऊन फुलावर येतो. असे दहा वाफे एकदम तयार झाले तर ४०० जुड्या वाटता वाटता लोक मेथीच्या नावाने हात जोडतात. म्हणून दर आठवड्याला दोन-तीनच वाफे पेरावेत. मेथी मुळासकट उपटायची असते, पालक मात्र जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापला तर पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतो, आणि हे वाफ्याशेजारी पाटीवर लिहून ठेवलेले बरे, कारण उत्साहाने आलेला पाहुणा पालकही उपटून नेतो. धने पेरण्याआधी रगडून दोन भाग करावे लागतात. मावा आणि नागअळीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्यांची भरड, आणि पिवळे चिकट सापळे पुरतात. श्रावणातल्या झडीत मेथी-कोथिंबीर कुजते आणि नेमकी तेव्हाच बाजारात महागते. त्या दिवसांत अळू, अंबाडी, राजगिरा यांवर भर द्यावा, आणि खुरपणी करणाऱ्यांना कुर्डू, टाकळा, घोळ ही आपोआप उगवलेली भाजी ओळखता येत असेल तर ती उपटून फेकू नये.

सुरुवात दसऱ्यानंतर करावी. जूनमध्ये हुरूप असतो, पण तण, चिखल आणि कीड यांच्याशी पहिलीच गाठ पडली की पंधरवड्यात माणसे गळतात. थंडीत मात्र पालेभाजी नवख्याच्या हातानेही येते.

या सगळ्याआधी जागेचा कागद बघितला पाहिजे. खुली जागा कुठे नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालेली असते, कुठे ती अजून मूळ मालकाच्या नावावर असते, तर कुठे भूखंडधारकांच्या संस्थेकडे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढल्यावर परवानगी कुणाची घ्यायची हे कळते. नगरपरिषदेची जागा असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या तोंडी होकारावर थांबू नये, ठराव करून घ्यावा, कारण मुख्याधिकारी बदलून जातात. ठरावात मुदत, पाण्याची जोडणी, कुंपणाचा खर्च आणि उत्सवाच्या दिवसांसाठी कोणता भाग मोकळा ठेवायचा, हे लिहिलेले असावे. मांडवाची जागा सोडली नाही तर मळ्याचे पहिले शत्रू वस्तीतलेच तरुण होतील. जागा परत मागितली तर उभे पीक काढायला निदान दोन महिने मिळावेत, अशीही अट घालावी. आणि मुदत पक्की झाल्याशिवाय मोठी झाडे लावू नयेत, कारण शेवगा सहा-आठ महिन्यांत शेंगा देतो, पण आंब्याच्या कलमाला चार-पाच वर्षे लागतात, आणि तेवढ्यात नगरपरिषदेची एक निवडणूक येऊन जाते, वेळच्या वेळी झाली तर.